थांबणारा माग

आठ माग होते तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, दुपारी जेवण झालं की शेडबाहेर बाजेवर आडवे व्हायचे. आत आठ मागांचा खडखडाट, भिंतीपलीकडं शेजाऱ्यांचे सोळा. बाहेरचा माणूस आमच्याकडं आला की पहिली दहा मिनिटं नुसता ओरडून बोलतो. मामा मात्र त्या गोंगाटात डोळे मिटून पडायचे आणि मध्येच म्हणायचे, "पाच नंबरला बघा रं, पट्टा ढिला झालाय." जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, जाऊन बघायचा तर खरंच पाच नंबरचा पट्टा ढिला असायचा.

पण ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांतली, एखादी तार तुटली तर तिचा आवाज मामांनाही यायचा नाही. तो कुणालाच येत नाही. साधा माग तार तुटली तरी बेधडक विणत राहतो. कापडात केसाएवढी उभी रेघ पडत जाते. कामगार चार मागांवर फिरत असतो, तो त्या मागाशी पोचेपर्यंत हातभर कापड पुढं गेलेलं असतं. कधी वारभर.

मी गडहिंग्लजची. २००६ साली लग्न होऊन इचलकरंजीत आले. बी.कॉम. झालेले. वर्षभरात आमचे दिवाणजी जास्त पगारावर मोठ्या कारखान्यात गेले, तेव्हा मामा म्हणाले, "तू शिकल्याली हैस न्हवं? मग घे वही." आमच्या धंद्यात वही दोन प्रकारची. एक मागावरची, जिच्यातनं एकेक तार ओवतात. ते काम करणारे वहिफणीवाले. दुसरी माझी, हिशेबाची. ही गोष्ट माझ्या वहीतनं दिसलेली आहे, मागामागे उभं राहून नव्हे. मला आजही नीट गाठ मारता येत नाही.

आम्ही खर्चीवाले. व्यापाऱ्यानं भीम, म्हणजे ताणा गुंडाळलेला रूळ, आणि बाण्याचं, म्हणजे आडव्या धाग्याचं, सूत द्यायचं, आम्ही कापड विणून द्यायचं, पिकावर मजुरी घ्यायची. पीक म्हणजे बाण्याचा एक धागा, मजुरीत मोजतात ते एका इंचात असे किती. गावात मजुरीचं सगळं बोलणं ५२ पिकांच्या भाषेत चालतं, भांडणंसुद्धा. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, फक्त चूक आमची. ताक्यात, म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यात, रेघ निघाली की माल सेकंड, आणि बिलातनं कपात.

एकदा मी बसून हिशेब मांडला होता. आमचा साधा माग मिनिटाला १४० वेळा बाणा नेणारा धोटा फेकतो. ५२ पिकांनी भागलं तर मिनिटाला पावणेतीन इंचांच्या आत कापड. म्हणजे तासाला चार मीटर, तेही माग एकदाही थांबला नाही तर. धोट्यातली बाण्याच्या सुताची कांडी तर आठेक मिनिटांत संपते. संपली की माग थांबवायचा, नवी कांडी घालायची, पुन्हा चालू करायचा. एका माणसाकडं चार माग, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक कांडी. बारा तासांच्या पाळीत साडेतीनशेच्या वर कांड्या. त्यात तुटलेल्या तारा कुठं बघत बसणार तो? मी हा कागद मामांना दाखवला. ते म्हणाले, "हे हिशेबात आत्ता आलं व्हय तुझ्या?"

एप्रिल २०१७ मध्ये केंद्र सरकारनं पॉवरटेक्स इंडिया नावाची योजना आणली. त्यात साध्या मागाला आहे तिथंच सुधारणेचं किट बसवायला अनुदान होतं, खुल्या गटाला निम्मं. नवे एअरजेट, म्हणजे हवेच्या झोतानं बाणा फेकणारे माग, घ्यायची आमची ऐपत नव्हतीच. ते मिनिटाला सहाशे-सातशे पिकं मारतात, पण एकाच्या किमतीत आमच्या गल्लीत घर होतं. किट परवडण्यासारखं होतं. २०१८ मध्ये आठांपैकी चार मागांना बसवलं. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे ड्रॉपपिन. ताण्याच्या प्रत्येक तारेवर एक पातळ पोलादी पट्टी लटकवायची. तार ताठ आहे तोवर पट्टी वर. तार तुटली की पट्टी खाली पडते, खालच्या दांडीला टेकते, सर्किट पूर्ण होतं आणि माग थांबतो. वर लाल दिवा लागतो.

बस, एवढंच. वेग एका पिकानंही वाढत नाही. मामांना हेच पटेना. "पैसं घालून माग बंद पाडायचा?"

पहिले दोन महिने तर मामांचंच खरं ठरलं. पुरवठादारानं कंट्रोलची पेटी मागाच्या सांगाड्यालाच बोल्टनं आवळली होती. पुरवठादाराचं नाव घेत नाही, आता ते फोनही घेत नाहीत. साधा माग चालताना फरशीवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी हलतं, तिथं त्या पेटीतल्या डाखांचं काय होणार? तीन आठवड्यांत आतली दोन इलेक्ट्रॉनिक कार्डं गेली. शेवटी जॉबरकाकांनी चारही पेट्या काढून भिंतीवर लावल्या, मागं मोटारसायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून. तेव्हापासून कार्ड गेलेलं नाही. दुसरी डोकेदुखी तुसाची. कापसाचं तूस ड्रॉपपिनमध्ये साचलं की तार तुटली तरी पट्टी खाली येत नाही, नाहीतर उगीचच माग थांबतो. त्याला पाळी बदलताना ब्रश आणि हवेचा फवारा, दुसरा उपाय नाही.

तिसरी गोष्ट मला वहीत दिसली. किट बसलेल्या मागांवर दिवसपाळीत सेकंड कमी झाले होते, रातपाळीत जसेच्या तसे. माग तेच, भीम तेच. एका रात्री साडेअकराला मी शेडमध्ये गेले. चार मागांपैकी तीन मागांची दांडीकडं जाणारी वायर सुटी करून, नीट गुंडाळून, टेप लावून ठेवलेली. कारागिरी बघण्यासारखी होती, खोटं कशाला बोलू.

मी रातपाळीच्या कामगाराला विचारलं. तो आमच्याकडं नऊ वर्षं होता, मजुरी विणलेल्या मीटरवर. म्हणाला, "वैनी, तुमचा माग थांबला की माझा मीटर थांबतो. रेघ पडली तर कपात तुमच्या बिलात. मग मी का थांबू?"

मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन झोपही नाही लागली. अनुदानाच्या अर्जात हे कुठंच नव्हतं. यंत्राची किंमत होती, कोटेशन होतं, मागाचा फोटो होता. यंत्र थांबल्यावर कुणाच्या खिशातनं किती जातं, हा रकाना नव्हता.

त्याच वर्षी माझ्या मुलाला शाळेत एका कंपनीची माहिती लिहून आणायला सांगितली होती. त्याला मोटारींचं वेड, त्यानं टोयोटा घेतली. मी त्याला मोबाइलवर वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता थांबले. टोयोटाचं मूळ मागात आहे! साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका खेड्यातल्या सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. घरात आई हातमागावर विणायची, ते बघत वाढलेला. १८९६ मध्ये त्यानं यंत्रमाग केला आणि त्यात बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबेल अशी सोय केली. १९२४ मध्ये त्याचा जी टाइप माग आला. तो चालू असतानाच धोटा बदलायचा, कांडीसाठी थांबायचा नाही. तार तुटली की मात्र जागच्या जागी उभा. म्हणजे ज्या कामासाठी गरज नाही तिथं थांबायचं नाही, आणि गरज आहे तिथं माणसाची वाट बघायची नाही. एका माणसाला तीसेक माग सांभाळता यायचे. १९२९ मध्ये लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्सनं त्या मागाचे हक्क घेतले, ठरलेली रक्कम एक लाख पौंड. मागाच्या धंद्यात जगाला शिकवणारे इंग्रज, त्यांनी सुताराच्या पोराकडनं विकत घेतलं. साकिचीचा मुलगा किइचिरो पुढं मोटारींच्या मागे लागला. १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी उभी राहिली.

मी ते मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आईचा माग होता व्हय त्याच्या? मग कळणारच की त्याला."

आमच्या गावात विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला १९०४ साली. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा त्या काळी उद्योगाला पाठिंबा होता. साकिचीच्या मागानंतर आठच वर्षं. सुरुवातीला फार मागे नव्हतो आपण! मग शंभर वर्षांत माग हजारोंनी वाढले, गल्लीगल्लीत गेले, पत्र्याच्या शेडमध्ये, घराच्या पडवीत. पण माग तोच राहिला. जी टाइपनं १९२४ मध्ये सोडवलेला कांडीचा प्रश्न माझ्या शेडमध्ये आजही दर आठ मिनिटांनी हातानं सुटतो. ह्याचं कारण लोक आळशीपणात शोधतात, ते मला पटत नाही. खर्चीवाल्याच्या हातात ना सूत ना बाजार, त्याला मिळते ती मजुरी. मजुरीतनं हप्ता, वीजबिल आणि कामगार भागवून उरतं त्यात पट्टे आणि पिकर असले सुटे भाग येतात, नवा माग येत नाही. त्यात वीजसवलतीसाठी वीजजोडणी २७ एचपीच्या आत की बाहेर हा हिशेब. वाढायचं म्हटलं तरी माणूस आधी विजेच्या मीटरकडं बघतो.

असो. वायरीचं सांगायचं राहिलं.

मी वहीतले मागचे सहा महिने काढले. चार मागांवर महिन्याला सत्तरेक ताके निघत. किटच्या आधी त्यातले दहा-बारा सेकंड जायचे. दिवसपाळीचा हिशेब धरला तर किट चालू ठेवून ते चारावर येत होते. कपातीत जे वाचत होतं ते सगळं आमच्याकडं राहत होतं, आणि थांबण्याचा तोटा सगळा त्याच्याकडं जात होता. मामांशी दोन दिवस वाद झाला. आमचे हे मध्ये पडले नाहीत, त्यांचं तेच धोरण असतं. शेवटी ठरलं : बिनरेघेच्या प्रत्येक ताक्याला मजुरीवर वीस रुपये जास्त, ज्या पाळीत जेवढे मीटर निघाले त्या प्रमाणात वाटून. रक्कम मोठी नव्हती. पण पुढच्या सोमवारी वायरी जागेवर होत्या. मी काही बोलले नाही, तोही नाही. पंधरा दिवसांनी तो स्वतःच म्हणाला, "वैनी, राहिलेल्या चारांना पण बसवा की. त्या मागांवर आता डोळा ठेवायचा कंटाळा येतोय."

त्या चारांना बसवलंच नाही. लॉकडाऊनमध्ये शेड बंद पडली, बाहेरगावचे कामगार गेले, काही परत आले, काही नाही. २०२२ मध्ये ते चार माग मोडीत काढले आणि कर्ज काढून दोन जुने रॅपिअर, म्हणजे बिनधोट्याचे माग, घेतले. मोडीत म्हणजे किलोवर. टेम्पोत चढवताना मामा बाहेर आले नाहीत. काट्यावरची चिठ्ठी मी आणली, त्यांनी वजन वाचलं, रक्कम वाचली नाही. पाच नंबरचा धोटा तेवढा काढून ठेवला होता, तो आता कपाटात त्यांच्या चष्म्याशेजारी असतो.

रॅपिअर मिनिटाला २८० पिकं मारतो. साध्याच्या दुप्पट, आणि धोटा नाही, कांडी नाही, बाणा थेट कोनातनं. पण हप्ता सुरू झाल्यापासून मी मीटरऐवजी थांबे मोजायला लागले आहे. त्याच्या पडद्यावर येतात : ताण्याचे किती, बाण्याचे किती. ताण्याचे थांबे वाढले की मी सायझिंगवाल्याला, म्हणजे ताण्याला खळ लावणाऱ्याला, फोन करते. खळ कमी पडलेली असते, तो मान्य करत नाही, मी आकडा वाचून दाखवते. आधी आम्ही नुसतं "भीम खराब हाय" म्हणायचो आणि तो म्हणायचा "तुमचा माग खराब हाय". आता निदान भांडण आकड्यावर होतं. व्यापाऱ्यालाही एकदा असाच कागद दाखवून कपात परत घ्यायला लावली. फार नव्हती, पण ते बिल मी जपून ठेवलंय.

गेल्या खंडेनवमीला सगळे माग बंद करून पुसले, झेंडूच्या माळा घातल्या. चार साध्या मागांना मामांनी नेहमीसारखं लाकडावर, धोट्यावर हळदीकुंकू लावलं. मग रॅपिअरपुढं ताट घेऊन उभे राहिले. सगळीकडं प्लास्टिकची झाकणं, पडदा काळा.

"ह्याला हळद लावायची कुठं?"

जॉबरकाका म्हणाले, "लाल बटणाला लावा. स्टॉपच्या."