तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातल्या बाळाच्या टेस्टमध्ये सरकारचं काय काम?

जेनेटिक काउन्सेलिंग (जनुकीय आजार आणि त्यांच्या टेस्ट आईबापांना समजावून सांगणं) करते म्हटलं की हा प्रश्न येतोच, मूल ठेवायचं की नाही ही घरातली गोष्ट, त्यात सरकार कशाला? तर सरकार हवंच, फक्त निर्णय घ्यायला नको.

आधी वेळेचं बघा. डबल मार्कर ही आईच्या रक्ताची टेस्ट ११ ते १३ आठवड्यांत होते, त्यात रिस्क जास्त आली म्हणजे डाउन सिंड्रोम (एक क्रोमोसोम जास्त असल्यानं बौद्धिक वाढ कमी होणारी जन्मजात स्थिती) आहेच असं नाही, ती नुसती शक्यता, एनआयपीटीचंही (आईच्या रक्तातून बाळाचा डीएनए बघणारी टेस्ट) तेच, खात्री करायची तर गर्भजल काढून तपासावं लागतं आणि ते साधारण १५ आठवड्यांनंतर, वर पूर्ण रिपोर्टला दोन-तीन आठवडे. ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांतले दोष बघणारी सोनोग्राफी, तर १८-२० आठवड्यांना. आणि आपल्या १९७१ च्या कायद्यात गर्भपाताची मर्यादा होती २० आठवडे! हृदयातला दोष कळेपर्यंत मुदत संपलेली, मग जोडपी कोर्टात. २०२१ च्या दुरुस्तीनं अशा ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत पुरतं, आणि बाळात गंभीर दोष असेल तर त्यानंतरही मेडिकल बोर्ड परवानगी देऊ शकतं. चांगलंच झालं, पण २४ नंतर शेवटचा शब्द बोर्डाचा, त्या बाईचा नाही, हे मला अजिबात पटत नाही.

लिंगनिदानाची बंदी वेगळी (महाराष्ट्रात १९८८, देशभर १९९४ चा कायदा), ती हवीच, मुलगी असणं हा आजार नाही.

आता डेन्मार्क बघा. २००४ पासून तिथे प्रत्येक गरोदर बाईला स्क्रीनिंग देऊ केलं जातं, सक्ती नाही, तरी बहुतेक जणी करतात आणि डाउन सिंड्रोम असलेली बाळं जन्मायचं प्रमाण खूप घटलं. सरकारनंच टेस्ट पुढे केली की ती करायचीच असते असं वाटायला लागतं ना, म्हणून टेस्टच्या आधी कुणीतरी बसून नीट सांगायला हवं की यातून काय कळेल, काय नाही, आणि नको म्हटलं तरी चालतं. अमेरिकेत २००८ साली कायदाच झाला, निदान झालेल्या आईबापांना ताजी, खरी माहिती आणि आधार मिळावा म्हणून.

माझ्यासमोर बसलेले आईबाप क्रोमोसोमबद्दल थोडंच विचारतात, खरा प्रश्न असतो, आम्ही गेल्यावर याला कोण बघणार? त्यावर मी काय बोलणार! थेरपी, शाळा, मोठेपणी राहायची सोय, थोडंफार काम, हे सरकारनं उभं केलं असेल तरच मला त्यांना काही सांगता येतं, म्हणून टेस्टसाठी पैसे ठेवताना यासाठीही त्याच बजेटमध्ये ठेवा असं मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगते.