स्टिमॅच यांची पाच वर्षे

भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांच्या २०१९ ते २०२४ या कारकिर्दीचे मोजमाप केवळ चषकांवरून करणे मला पटत नाही. २०२१ आणि २०२३ मध्ये सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत मिळवलेल्या विजेतेपदांचा आनंद खरा होता. पण आशियाई चषकात तिन्ही सामने हरताना आपला एकही गोल झाला नाही. गुवाहाटीत कर्णधार सुनील छेत्रीने दीडशेव्या सामन्यात पेनल्टीवर मिळवून दिलेली आघाडी अफगाणिस्तानाविरुद्ध शेवटच्या वीस मिनिटांत हातची गेली, ती संध्याकाळ अजून सलते. तरीही सारा दोष एकट्या प्रशिक्षकाचा नव्हे, कारण क्लब आघाडीवीराची जागा बहुधा परदेशी खेळाडूंना देत असताना राष्ट्रीय संघाला गोल करणारा भारतीय खेळाडू मिळणार कुठून? पुढच्या प्रशिक्षकांना दीर्घ सराव शिबिरे आणि क्लबांत नियमित खेळणारे तरुण आघाडीवीर हवेत.