गळ गेटच्या खाली, पाय गेटच्या वर: तीर्थन खोऱ्याची सहल

आमच्या टोळक्यात दोन पक्ष आहेत. एक दर पावसाळ्यात राजमाची, रतनगड, भीमाशंकर करणारा. दुसरा तलावाकाठी गळ टाकून तासन्‌तास गप्प बसणारा. दोघांनाही एकाच सहलीत कोंबायचं ठरल्यावर हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन खोऱ्याचं नाव पुढे आलं. नदीत ट्राउट हा मासा, नदीच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. दिवसभर चालायचं, संध्याकाळी तंबूशेजारी मासा धरायचा आणि तिथेच शेकोटीवर भाजायचा, असं चित्र दादर स्टेशनबाहेरच्या पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी रंगवून टाकलं.

तुम्हीही असंच काही रंगवलं असेल, तर ते आधी पुसा. पार्कच्या हद्दीत मासेमारीला बंदी आहे. गळ टाकायचा परवाना मिळतो तो गेटच्या खालच्या, गावांच्या पट्ट्यातल्या नदीसाठी. खरं जंगल आणि खरी चढण गेटच्या वर. त्यामुळे चालणं आणि मासे धरणं एका दिवसात बसवण्याचा हट्ट सोडावा लागतो. आम्ही सहलीचे सरळ दोन तुकडे केले: आधी गुशैनीच्या आसपास मुक्काम करून मासेमारी, मग रॉड, म्हणजे गळाच्या काठ्या, होमस्टेवाल्याकडे ठेवून मोकळ्या हाताने जंगलात. मासेमारी आधी ठेवण्यामागे हिशेब होता. प्रवासाने आंबलेलं शरीर नदीकाठी सैल होतं, सोळाशे मीटरच्या हवेची सवय होते, आणि चालणाऱ्यांना एखादा दिवस बसून राहावं लागलं तरी फारसं बिघडत नाही. गुशैनी गाव जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे. आपला सर्वांत उंच डोंगर संपतो तिथे यांची पायवाट सुरू होते, हे ऐकून आमचा डोंबिवलीकर पुढाऱ्यासारखा गंभीर झाला होता.

महिना निवडताना तारखांकडे नीट बघा. ट्राउटची वीण थंडीत होते, म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. मे-जूनमध्ये बर्फ वितळून पाणी चढतं आणि दुपारनंतर गढुळतं. जुलै-ऑगस्टचा तर विचारही नको. जुलै २०२३ च्या पुराने कुल्लू जिल्ह्यातल्या रस्त्यांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. उरतात दोन खिडक्या: मार्च-एप्रिल, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबर. आम्ही ऑक्टोबर घेतला, कारण पाणी आरशासारखं असतं आणि वरच्या वाटा कोरड्या असतात. यात एकच मेख आहे, दसरा. कुल्लूचा दसरा आपल्याकडचा संपतो त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो. खोऱ्यातले देव पालख्यांतून कुल्लूला जातात, त्यांच्याबरोबर अर्धं गाव जातं, बस आणि खोल्या भरून जातात आणि गाइड मिळणं कठीण होतं. तारीख दसऱ्याच्या आधीची किंवा बऱ्याच नंतरची ठेवा.

मुंबईहून जाण्याचा मार्ग सोपा आहे, फक्त लांब आहे. संध्याकाळची राजधानी मुंबई सेंट्रलहून दिल्लीला सकाळी सोडते. दिवस दिल्लीत काढून रात्री काश्मिरी गेटहून मनालीची बस घ्यायची आणि पहाटे औटला उतरायचं. चालकाला आणि वाहकाला दोघांनाही आधीच सांगून ठेवा, कारण बंजारचा फाटा औटच्या बोगद्याच्या अलीकडे आहे. झोप लागली तर बस बोगद्यात शिरते आणि तुम्ही कुल्लूत पोचता. औटहून लारजीमार्गे बंजार, तिथून गुशैनी. बस आहे, चौघे-पाच जण असाल तर जीप परवडते. पैसे बंजारच्या एटीएममधून काढून घ्या, पुढे भरवसा नाही.

वाटेत मंडी ते औट रस्ता बियासच्या काठाने जातो. चहाला थांबल्यावर फोटोसाठी पात्रात उतरायचा मोह होतो. उतरू नका. ८ जून २०१४ रोजी याच भागात, थलौटजवळ, लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी वाढतंय हे कळेपर्यंत पात्रातून बाहेर पडायला वेळ उरत नाही.

तयारीबद्दल. चालण्याची तयारी सह्याद्रीत होते. कर्जतजवळच्या कोंढाणे गावातून राजमाची पाठीवर दहा-बारा किलो घेऊन चढा, तेही घामट दिवशी. ज्याला ते झेपलं त्याला पार्कातली रोल्लाची वाट झेपेल. गळाची तयारी वेगळी. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. आमच्यातला एक जण तिथे जातो, त्याने बाकीच्यांना रॉड कसा फिरवायचा ते शिकवलं, पाण्यात नव्हे, घाटकोपरच्या एका मैदानात, गळाऐवजी रबराचा तुकडा बांधून. आजूबाजूची पोरं क्रिकेट सोडून बघत होती. या सरावाचा फार उपयोग झाला, पण एक लक्षात ठेवा: पवईत रोहू-कटला आमिषावर येतात, तुम्ही बसून राहता. ट्राउटसाठी तुम्हाला मासा बसलाय त्या दगडापर्यंत जावं लागतं.

सामान थोडकंच. सहा-सात फुटांचा हलका स्पिनिंग रॉड, छोटं रील, सहा पौंडांचा ताण सोसणारी दोरी, दोन-तीन आकारांचे स्पिनर, म्हणजे पाण्यात गरगरणारी धातूची खोटी आमिषं. फ्लाय, म्हणजे किड्यासारखं हलकं खोटं आमिष, टाकता येत असेल तर उत्तमच, पण पहिल्याच खेपेला फ्लाय शिकायचा हट्ट धरलात तर झाडांच्या फांद्याच धराल. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. विमानाने चंदीगडला जाणार असाल तर रॉड आणि गळ चेक-इन सामानात टाका. स्टोव्हचं गॅस कॅनिस्टर विमानातही चालत नाही आणि रेल्वेतही. ते मुंबईहून न्यायचंच नाही, स्वयंपाकाचं गाइडशी ठरवा.

मासेमारीचा परवाना नागिनी गावी मत्स्य विभागाच्या ट्राउट केंद्रात मिळतो. तो एकेका दिवसाचा असतो. ओळखपत्राच्या झेरॉक्स बरोबर ठेवा आणि परवान्यावरच्या अटी, म्हणजे माशाचा किमान आकार आणि संख्या, वाचूनच खिशात घाला. केंद्रातल्या टाक्यांत ट्राउट जवळून बघता येतो. अंगावर तपकिरी-लाल ठिपके. हा मासा मूळचा इथला नाही. इंग्रजांनी तो आधी काश्मीरमध्ये रुजवला आणि १९०९ साली कुल्लूत आणला. आता तो असा मुरला आहे की गावातली पोरं त्याला आपलाच मानतात.

नदीवरची पहिली सकाळ मात्र सविस्तर सांगायला हवी. पाणी बर्फाचं, घोट्यापर्यंत पाय घातला तर मिनिटभरात मुंग्या. स्थानिक गाइडने आधी आमच्या कपड्यांवरून नजर फिरवली आणि नारिंगी जॅकेटवाल्याला मागे बसवलं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाआड थांबतो, वाहून येणारा किडा टिपायला. म्हणून तुम्ही त्याच्या मागून, म्हणजे खालच्या बाजूने वर सरकायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, आणि स्पिनर दगडाच्या वर टाकून प्रवाहाबरोबर खाली ओढायचा. एका दगडावर तीन-चार वेळा टाकून काही झालं नाही तर पुढचा दगड. आम्ही मुंबईकर घाईचे. पहिला तासभर प्रत्येक जण आपापल्या जागी उभा राहून पाणी नुसतं ढवळत होता. ऊन पाण्यावर आलं की खेळ मंदावतो, त्यामुळे उजाडताना आणि मावळतीला नदीवर असा, दुपारी झोपा.

आमच्यातल्या वेसाव्याच्या कोळ्याचं मत फार मोलाचं. त्याच्या घरी जाळ्याने टोपल्या भरतात. “एका माशासाठी एवढी माणसं?” असं म्हणत तो दगडावर बसून राहिला, आणि मग त्यानेच पहिला मासा काढला, कारण पाणी कुठे वळतंय हे त्याला आमच्याआधी दिसलं. छोटा होता, ओल्या हातांनी धरून सोडून दिला. कोरड्या हातांनी धरलात तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मरतो. रात्री होमस्टेत टाकीत वाढवलेला ट्राउट तळून मिळाला. त्यावर त्याचा निकाल असा: “गोड आहे, पण सुरमई नाही.” मला मात्र आवडला, नुसतं मीठ-हळद लावून मोहरीच्या तेलात.

जंगलासाठी परवाना साई रोपाला वनखात्याच्या कार्यालयात काढायचा. गाइड घ्यावाच लागतो, आणि घ्यायलाच हवा. गुशैनी ते रोल्ला ही वाट दहाएक किलोमीटरची, बहुतेक नदीच्या काठाने. गावं, अक्रोडाची झाडं, मग गेट, मग देवदार. इथे तंबू टाका. ज्यांना खरी चढण हवी त्यांनी दुसऱ्या दिवशी शिल्टकडे निघावं, तीन हजार मीटरच्या वर, वाट सरळ छातीवर. आमचे दोघे गेले, बाकीचे रोल्लाला नदीकाठी लोळले, आणि कोणी कोणाला टोमणा मारला नाही, कारण हे मुंबईतच ठरलं होतं. गटात असे दोन गट पडणार हे आधी बोलून घ्या आणि त्यासाठी दोन गाइड सांगून ठेवा. रोल्लाच्या पाण्यात स्वच्छ दिसणारे ट्राउट पाहून गळवाल्यांची जी तडफड होते, तिला इलाज नाही. रॉड खाली ठेवून आलात तर निदान मोह तरी होत नाही.

याच खोऱ्यात जुजुराना, म्हणजे हिमाचलचा राज्यपक्षी, राहतो. आम्हाला नुसता आवाज ऐकू आल्याचं गाइड म्हणाला. त्याच्यावर विश्वास ठेवला. नदीवर जलविद्युत प्रकल्प येणार होते, ते स्थानिकांनी कोर्टात जाऊन थांबवले, म्हणून पाणी अजून असं आहे. इथे साबणाने भांडी नदीत घासणाऱ्याला गाइड शिव्या घालतो, ते बरोबरच आहे. राख वापरा आणि पात्रापासून लांब घासा.

परतीचं तिकीट काढताना मध्ये एक दिवस रिकामा ठेवा. पंडोह-औट पट्ट्यात दरड कोसळली की वाहतूक तासन्‌तास थांबते, आणि सोमवारी सकाळी ऑफिस गाठायचंय म्हणून चालकाला कितीही विनवलं तरी तो दगड काही हलवत नाही. रविवारी दुपारी राजधानीत बसायचं असेल तर औट शुक्रवारी रात्रीच सोडा. मासा मुंबईला न्यायच्या भानगडीत पडू नका. हिशेब मात्र गाडीतच पूर्ण करा. दादरला उतरल्यावर कोणी कोणाचे पैसे देत नाही.