सुरीला शिसवी मूठ

सुरीचं पातं चांगलं असेल, तर नुसती मूठ तडकली म्हणून ती भंगारात टाकायला जीव होत नाही. आमच्या घरच्या मोठ्या सुरीचं तसंच झालं. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं होतं आणि त्यात रिव्हेटची (मूठ पक्की धरणाऱ्या आरपार खिळ्यांची) भोकं तयार होती, म्हणून हिंमत केली. पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून-विझवून कडक केलेल्या, पोलादात साधं ड्रिल शिरत नाही. भोकं नसती तर मी या भानगडीत पडलोच नसतो.

शिसव इंदुरात सहज मिळतं, पण ते कितपत वाळलंय हे कोण सांगणार? ओलसर लाकूड माळव्यातल्या उन्हाळ्यात आकसलं की रिव्हेटपाशी चिरतं. शेवटी काकांच्या माळ्यावरच्या मोडक्या शिसवी पलंगाच्या खुराला करवत लावली आणि मुठीच्या दोन बाजूंसाठी दोन पट्ट्या काढल्या. (काकूंना ते आवडलं नाही.) रिव्हेटसाठी पितळेची 5 मिलिमीटरची सळई सियागंज बाजारातून आणली.

खरं काम गोंद लावायच्या आधीचं. एक पट्टी पात्याला क्लॅम्पने धरायची आणि पात्याच्याच भोकातून ड्रिल लाकडात उतरवायचं. पहिल्या भोकात सळईचा तुकडा बसवल्याशिवाय दुसरं पाडायचं नाही, नाहीतर पट्टी केसभर सरकते. मग दुसऱ्या बाजूची पट्टी. पट्ट्यांची पात्याकडची दोन्ही टोकं सळईवर जोडीनं ठेवून आधीच घासून, गुळगुळीत करून घेतली. एकदा चिकटल्यावर तिथं कानस फिरवली की पात्यावर ओरखडे ठरलेले.

धारेवर टेपचे जाड थर दिले. पोलाद 80 नंबरच्या घासकागदाने (सँडपेपरने) खरवडलं आणि लाकूडही ॲसिटोनने पुसलं, कारण शिसव तेलकट. गोंद म्हणून सावकाश वाळणारं अराल्डाइट घेतलं. क्लॅम्प बेताचाच आवळला. जोर लावला की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो.

आमचे मिस्त्री म्हणाले, "भैया, मशीनवर दोन मिनिटांत घासून देतो." नको म्हटलं. पितळ तापलं की गोंद सैल पडतो आणि पोलाद निळं झालं तर त्याचं पाणीच उतरतं. जाड कानशीनं, मध्येमध्ये मुठीत धरून पाहत, आकार काढला. तोंडाला मास्क हवाच, शिसवाचा भुसा घशाला झोंबतो. पुढे 120 नंबरचा पेपर, मग 220. त्यानंतर ओल्या फडक्यानं पुसलं की दबलेले तंतू उभे राहतात. ते वाळले की 400 नं उतरवायचे. ही पायरी पुष्कळजण गाळतात आणि मग पहिल्याच धुण्यात मूठ खरखरीत झाली म्हणून कुरकुरतात.

वर जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून फेकू नका. तेल सुकताना त्या आतून तापतात आणि पेटूही शकतात. मी गच्चीवर पसरून वाळवल्या.

आईनं लाल भोपळा चिरून पाहिला. "अरे, अंगठ्यापाशी अजून टोचतंय." टेप पुन्हा लावली, तेवढीच जागा घासली आणि परत तेल.