जहाजाच्या पुढचा पट्टा

मुंबईच्या धावपट्टीवर एअरबसच्या मागे आमचं डॉर्निअर उभं असलं, की बेस्टच्या बसमागे लुना थांबल्यासारखं वाटतं. पुढचं मोठं विमान उडालं तरी त्याने मागे सोडलेले हवेतले भोवरे शमेपर्यंत थांबावंच लागतं. मार्चची सकाळ होती. २७ नंबरच्या धावपट्टीवरून उडालो, जुहूचा किनारा पंखाखालून सरकला आणि पुढे नुसता समुद्र.

मी तेव्हा तटरक्षक दलात वैमानिक होते. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे अतिरेक्यांच्या बोटी शोधणं. तेही असतंच. पण बरेचसे दिवस जातात ते तेलविहिरींच्या ५०० मीटर हद्दीत शिरलेल्या मच्छीमारांना हुसकावण्यात आणि समुद्रात गुपचूप तेलकट पाणी सोडणारी जहाजं हुडकण्यात. दुसऱ्या कामाचा मला जरा जास्तच राग होता. मी वर्सोव्याची. पावसाळ्यात चौपाटीवर डांबराचे गोळे यायचे आणि आई घरात घेण्याआधी तळपायांना रॉकेल चोळायची. तो वास अजून नाकात आहे.

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या अलीकडे एक मालवाहू जहाज दिसलं. त्याच्या मागे लांबलचक तपकिरी पट्टा.

"सापडला," मी म्हणाले.

जहाजांना तेलकट पाणी सोडायला अगदीच बंदी नाही. चालत्या जहाजाने गाळून सोडलेल्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भागांपर्यंत तेल चालतं, पण तेवढं सहसा डोळ्यांना दिसत नाही. पट्टा दिसला म्हणजे गडबड. मात्र दिसून भागत नाही, पुरावा लागतो: जहाजाचं नाव आणि पट्टा एकाच फोटोत. त्यासाठी खाली उतरून जहाजाच्या मागून जायचं. दीडशे नॉट्सच्या वेगात १८० मीटरचं जहाज अडीच सेकंदांत संपतं. कॅमेऱ्यामागच्या पोराची त्या अडीच सेकंदांत परीक्षा.

दोन फेऱ्या मारल्या. मी रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनलवर कप्तानाला हाक दिली, आवाज चढवूनच. इंजिनरूममधून काय सोडताय, विचारलं. तो शांतपणे म्हणाला, काही नाही. मी पुन्हा विचारलं, अजून कडक. मुंबईच्या समन्वय केंद्रालाही संशयित प्रदूषण म्हणून कळवून टाकलं.

तिसऱ्या फेरीला मागून ऑब्झर्व्हरचा आवाज आला. पोरगा नवीन, दापोलीकडचा, एरवी विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

"मॅम, पट्टा पुढेही आहे."

"कुठे पुढे?"

"जहाजाच्या पुढे, मॅम."

मी वळून पाहिलं. खरंच होतं. नाकापुढे मैलभर तोच तपकिरी पट्टा, आणि जहाज त्याला चिरत चाललेलं. मागे पंख्याने घुसळलेला भाग तर उलट स्वच्छ होता! तेल असतं तर कडेला कुठेतरी इंद्रधनुषी झाक दिसली असती. हे मात्र लाकडाच्या भुशासारखं कोरडं, मंद. ट्रायकोडेस्मियम. उन्हाळ्याच्या तोंडी अरबी समुद्र शांत आणि कोमट झाला की हे सूक्ष्मजीव माजतात, वाऱ्याने त्यांच्या लांब ओळी लागतात. खलाशी त्याला समुद्राचा भुसाच म्हणतात. प्रशिक्षणात शिकवलेलं, परीक्षेत लिहिलेलं. पण मी दोन्ही वेळा फक्त जहाजाच्या मागेच पाहत राहिले होते.

कप्तानाला पुन्हा हाक दिली. समुद्री शैवाल असावं, त्रासाबद्दल क्षमस्व, असं सांगताना कानशिलं तापली होती. सहवैमानिक मन लावून इंधनाचा काटा बघत होता.

"नो प्रॉब्लेम, हॅव अ सेफ फ्लाइट," कप्तान म्हणाला. बस, तेवढंच. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

परतल्यावर खारं पाणी धुवायला विमानावर पाइप धरला गेला आणि मी अहवाल लिहायला बसले. पहिल्याच फेरीच्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, जहाजाच्या पुढचा पट्टा स्पष्ट आला होता. तोच फोटो सर्वांत वर लावला आणि पट्टा प्रथम ओळखणाऱ्याच्या रकान्यात त्या पोराचं नाव घातलं.

रात्री आईचा फोन. "आज कुणी सापडलं का गं?"

"भुसा सापडला," म्हटलं.