नाग नदी भीमेला मिळते तेव्हा

पदवीच्या वर्गाला पर्यावरण अभ्यास शिकवताना विद्यार्थ्यांकडून एक प्रकल्प लिहून घ्यावा लागतो, आणि नागपुरातले बहुतेक विद्यार्थी त्यासाठी नाग नदीचे प्रदूषण हाच विषय घेतात. यंदा आलेल्या एका स्पायरल केलेल्या फाइलच्या मुखपृष्ठावर नाग नदीचे रंगीत छायाचित्र होते, प्रस्तावनेत तिचे नाव होते, आणि तिसऱ्या पानावर ‘ही नदी पुढे भीमेला मिळते’ असे वाक्य होते. पुण्याच्या मुळा-मुठेवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून नदीचे नाव तेवढे बदललेले होते. नाग नदी कन्हानला मिळते हे अंबाझरीच्या परिसरात वाढलेल्या त्या मुलाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, नाव तर सगळीकडे बदलवलं होतं जी, ती एक ओळ राहून गेली.”

मला मात्र त्या ओळीपेक्षा फाइलमध्ये जे नव्हते तेच अधिक खटकले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, तेव्हा या मुलाच्या घरातले फ्रिज, गाद्या आणि वह्या-पुस्तके सगळे चिखलात गेले होते. नदीविषयी त्याच्याजवळ सांगण्यासारखे इतके असूनही त्यातला एक शब्द प्रकल्पात आला नाही. कारण विचारले तर म्हणाला, ते कसे लिहायचे, ते तर आमच्या घरचे आहे.

या उत्तराची मुळे शाळेत आहेत, असे माझे मत आहे. दहावी-बारावीपर्यंत आपण मुलांना गाईडमधले उत्तर शब्दशः उतरवल्याबद्दल गुण देतो, स्वतःच्या भाषेत लिहिणाऱ्याचे गुण मुद्दे सुटले म्हणून कापतो, आणि तोच मुलगा महाविद्यालयात आला की आपणच त्या उतरवण्याला वाङ्मयचौर्य म्हणू लागतो. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या, गडचिरोली-गोंदियाकडून नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलांना हा बदल कोणी समजावून सांगितलेला नसतो. परीक्षा केंद्रांवरच्या कॉपीसाठी आपल्याकडे १९८२ चा कायदा आहे, भरारी पथके आहेत. घरून लिहून आणायच्या कामाला त्यांचा काही उपयोग नाही.

संशोधनाच्या पातळीवर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. त्यांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना सुधारलेला प्रबंध देण्यावर वर्षभराची बंदी. आणि ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळलेले सामान्य शब्द मोजायचे नाहीत, अशीही सूट त्यात आहे. हेतू चांगला होता, पण टक्केवारी हाती आली की माणसे टक्केवारीच सांभाळतात. ‘परसेंटेज कमी करून मिळेल’ असे आश्वासन टायपिंग करून देणाऱ्यांकडून सर्रास मिळते आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नाही.

मराठीत तर हे आणखी सोपे पडते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संगणकाच्या लेखी निरर्थक रोमन अक्षरांचा ढिगारा असतो, त्यामुळे तो तसाच तपासायला दिला तर साम्य जवळपास शून्य येते. इंग्रजी लेख यंत्राकडून मराठीत करून घेतला की शब्दांची जुळणी संपते, चोरी तेवढी शिल्लक राहते. अशा प्रबंधांत एखादे वाक्य इतके विचित्र असते की ते मराठीत कोणी बोललेच नसेल, हे कोणताही वाचक सांगू शकेल. पण त्यासाठी वाचक लागतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर जुळणीचा प्रश्नच मिटला, कारण त्याने लिहिलेला मजकूर बहुधा आधी कुठे छापलेलाच नसतो. आता अशा लेखनाला ओळखणारी यंत्रे विकली जातात, आणि त्यांच्या अहवालावरून विद्यार्थ्याला नापास करावे असे म्हणणारे सहकारी मला भेटतात. मी त्याला ठाम विरोध करते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच अशा ओळखीसाठी काढलेले आपले साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये बंद केले. शिवाय ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेले साधेसुधे निबंध ही यंत्रे यंत्रलिखित ठरवतात, असे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवून दिले आहे. म्हणजे प्रामाणिकपणे मोडकेतोडके इंग्रजी लिहिणारी आमची मुलेच त्यात आधी सापडायची.

त्या मुलाची फाइल मी परत दिली आणि पुराच्या त्या रात्रीपासून सुरुवात करून पुन्हा लिहायला सांगितले. आठवड्याने आलेल्या हस्तलिखितात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, पण पाणी आधी चेंबरमधून वर आले आणि मग रस्त्यावरून आत आले, हा क्रम त्यात होता. तो कोणत्याही संकेतस्थळावर त्याला मिळाला नसता. त्यानंतर मी पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारले आणि एकाही प्रश्नाला तो अडला नाही.

अडचण अशी आहे की १२० जणांच्या वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटे द्यायची तर त्याचे दहा तास होतात, आणि वेळापत्रकात या कामासाठी एकही तास नाही. प्रकल्प जमा झाले, यादीवर सह्या झाल्या, गुण संगणकात भरले, एवढ्यावर काम पूर्ण झाले असे धरले जाते. फाइल उघडून वाचली जाणार नाही हे मुलांना पहिल्या सत्रातच कळते, आणि न वाचल्या जाणाऱ्या कागदावर मेहनत घेण्यात अर्थ नाही, हा त्यांचा हिशेब मला खोडून काढता येत नाही. पुढच्या सत्रात प्रकल्पाच्या पानांची मर्यादा वीसवरून चारवर आणावी आणि वाचलेला वेळ तोंडी परीक्षेला द्यावा, असा प्रस्ताव मी विभागाच्या बैठकीत मांडला आहे. चार पानांची फाइल कपाटात फार बारीक दिसेल, ही त्यावर आलेली पहिली हरकत होती.