आडनाव काय शे?

चोपड्याहून अमळनेरला येताना एसटीत शेजारच्या आजींनी फडकं सोडलं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात. अर्धी भाकरी मोडून समोरच्या बाईंपुढे धरली. "ले व माय."

बाईंनी हात पुढे केला, मग थांबल्या. "आडनाव काय शे तुमनं?"

आजींनी सांगितलं.

"मना आज उपास शे."

अर्ध्या तासापूर्वी स्टँडवर त्यांना भजी खाताना मी पाहिलं होतं.

आजींनी फडकं परत बांधलं. सावकाश, चारी टोकं नीट जुळवत. ते जुळवणं डोळ्यांपुढून जात नाही.

याच अमळनेरात प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवायचे. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून आधी गावोगाव हिंडले, लोकांना विनवलं, आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात १० दिवस उपाशी राहिले. देऊळ खुलं झालं.

तोही उपासच होता.

मी हात पुढे करून ती भाकरी मागायला हवी होती. गप्प बसलो. आजी उतरल्या, गाठोडं तसंच.

तुमच्याकडे घास घेण्याआधी अजून आडनाव विचारतात का?